आधी तक्रार, मग आरती

बसा बसा, मागे ऐकू येतंय ना? माईक जरा कुरकुरतोय, घ्या चालवून.

मला विषय दिलाय की कठीण काळात माणसांनी एकत्र येऊन मन हलकं कसं करावं, आणि मंडळींची अपेक्षा असणार की मी ध्यान, श्वास, पॉझिटिव्ह राहा वगैरे बोलेन. ते सगळं तुमच्या फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाच्या फोटोसकट येतंच. मी बोलणारे माऊलींच्या पालखीतल्या समाजआरतीबद्दल.

वारी टीव्हीवर सगळ्यांनी बघितलीये, दिवेघाट, ड्रोन, रिंगणात धावणारा अश्व. पण संध्याकाळी तळावर काय चालतं ते फारसं दाखवत नाहीत. दिवसभर चालून पायांना फोड आलेत, पावसात पिशवी भिजलीये, राहुट्या लागल्यात, पिठल्याचा वास सुटलाय, कुणालाही वाटेल की आता अंग टाकावं. पण पालखी तळावर आली की रथापुढच्या २७ आणि मागच्या कितीतरी दिंड्या गोलाकार उभ्या राहतात आणि टाळमृदंगाचा असा काही कल्लोळ उठतो की शेजारचा कानाशी ओरडला तरी कळत नाही. मग चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, वर धरतात आणि ‘होऽऽ’ अशी आरोळी देतात. सगळे टाळ खटकन बंद.

सगळे म्हणजे, एखाद्या दिंडीचे सोडून. तिचे टाळ वाजतच राहतात, मुद्दाम. आमची तक्रार आहे, आधी ऐका, असा त्याचा अर्थ. कुणी वाटेत मध्येच घुसलेलं असतं, टँकरच्या पाण्यावरून बाचाबाची झालेली असते, काहीही. चोपदार तिथे जातात, विणेकऱ्यांचं ऐकून घेतात, जमलं तर तिथल्या तिथे मिटवतात, नाहीतर पुढे बसून बघू म्हणतात, आणि मग ते टाळ थांबतात. त्यानंतर हरवलं-सापडलं पुकारतात, कुणाचं पाकीट, कुणाचा चष्मा, हल्ली मोबाईल फार, मग उद्या किती वाजता निघायचं ते. आणि हे सगळं झाल्यावर आरती.

क्रम बघा ना! एवढा मोठा समाज तक्रार पोटात ठेवून देवापुढे हात जोडत नाही. आपण घरी नेमकं उलटं करतो. संकट आलं की पहिलं वाक्य काय, तर ‘जाऊ दे, आता तो विषय नको’. विषय नको म्हणून तो जातो थोडाच, तो रात्री दोन वाजता उशाशी येऊन बसतो.

या सोहळ्याची घडी बसवली हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकात. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे सरदार, त्यामुळे दिंड्यांचे क्रम, चोपदार, तळ, सगळ्याला फौजेची शिस्त आहे. आणि मला वाटतं फौजेत राहिलेल्या माणसाला पक्कं ठाऊक असणार की दमलेल्या माणसाचं भांडण रात्रभर तसंच ठेवलं तर सकाळी तो चालत नाही. हा माझा अंदाज हं, पुरावा मागू नका. आणि वारीत सगळं गोडीगुलाबीने चालतं असंही नाही, मानापमान भरपूर आहेत, काही भांडणं टाळ थांबले तरी थांबत नाहीत.

२०२० आठवतंय? कोरोनामुळे पायी वारी झालीच नाही, पादुका एसटीने मोजक्या लोकांबरोबर पंढरपूरला गेल्या, १ जुलैची आषाढी सुनीसुनी गेली. आमच्या ओळखीतल्या वारकऱ्यांनी संध्याकाळी फोनवर कॉन्फरन्स लावून हरिपाठ सुरू केला. आवाज मागेपुढे, कुणाचा कुकर शिट्ट्या देतोय, तालाचं तर विचारूच नका. पण पहिले दिवस लोक हरिपाठ संपला की फोन ठेवायचे, नंतर एका मावशींनी अट घातली की आधी ज्याचं जे असेल ते बोला, मग म्हणू. कुणाचा पगार बंद, कुणाचा मुलगा मुंबईत अडकलेला, आणि मावशींचं स्वतःचं असं की सून दिवसभर घरात असते आणि मला एक मिनिट एकटीला मिळत नाही! हसले सगळे, पण सूनबाई मागून ऐकत होत्या आणि त्याही म्हणाल्या, माझंपण तेच आहे. एकीचाही प्रश्न सुटला नाही, घर तेवढंच होतं. पण त्या दिवसापासून दुपारी एक तास एक खोली मावशींची आणि पुढचा तास सूनबाईंची असं ठरलं.

आता घरी करायचं तर चोपदार कोण, असं मगाशी एका ताईंनी चिठ्ठीतून विचारलंय. आईला करू नका, निम्म्या तक्रारी तिच्याबद्दल असतात आणि उरलेल्या निम्म्या तिच्या. बाबांना तर नकोच, ते निकाल देतात. चोपदाराने आधी चालत त्या दिंडीपर्यंत जायचं असतं आणि ऐकायचं असतं. आमच्याकडे हे काम सध्या नववीतल्या नातीकडे आहे, आणि ती लाटणं वर धरते.