नदी जिथं अडते

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईहून पुण्याला जाताना गाडी कर्जतला थांबते. घाट चढायचा तर मागून इंजिन जोडावं लागतं. ते जोडेपर्यंतची जी चार-पाच मिनिटं, त्यांवर कितीतरी घरांच्या चुली पेटल्या. गाडी थांबली म्हणून वडा खपला आणि वडा खपला म्हणून कर्जतचं नाव झालं. आज मी ज्या शहराबद्दल बोलणार आहे ते आहे अमेरिकेत, केंटकी राज्यात, ओहायो नदीच्या काठावर. पण त्याची कुळकथा कर्जतसारखीच आहे. फरक इतकाच, की इथला घाट नदीच्या पात्रातच आहे.

शहराचं नाव लुईव्हिल. हा लुई म्हणजे फ्रान्सचा सोळावा लुई. स्वातंत्र्ययुद्धात त्यानं अमेरिकेला मदत केली, म्हणून त्याचं नाव गावाला दिलं. स्थानिक माणसं मात्र ते नाव अर्धं गिळूनच उच्चारतात.

ओहायो नदी पिट्सबर्गपासून मिसिसिपीला मिळेपर्यंत सुमारे 1,580 किलोमीटर वाहते. एवढ्या लांब प्रवासात तिला खडकाची आडकाठी होते ती या एकाच ठिकाणी. चुनखडीच्या थरांवरून इथं पाणी तीन-चार किलोमीटरांत सुमारे 26 फूट खाली उतरायचं. धबधबा म्हणतात त्याला, पण खरं तर तो खळाळ होता. होडी घालायची छाती होणार नाही असा. वरून आलेला माल गावाच्या वर उतरवायचा, गाड्यांत भरायचा, खडकांना वळसा घालून खाली न्यायचा आणि दुसऱ्या बोटीत चढवायचा. 1778 साली जॉर्ज रॉजर्स क्लार्क या सेनानीनं इथं वस्ती केली, आणि मग या चढ-उतारावर हमाल, गाडीवान, गोदामवाले, खाणावळवाले, दलाल असं सगळं गाव उभं राहिलं.

1830 मध्ये खडकांना टाळून जाणारा कालवा सुरू झाला. आता बोटी थांबणार नाहीत, मग आपण खायचं काय, ही धास्ती गावाला पडली असणार, हे आपण समजू शकतो. बायपास झाल्यावर जुन्या रस्त्यावरच्या ढाबेवाल्याला विचारा! पण तोवर गोदामं बांधून झाली होती, पेढ्या बसल्या होत्या, व्यापाऱ्यांच्या ओळखी झाल्या होत्या. तंबाखू, डुकराचं मांस, तागासारखा हेंप, व्हिस्की, सगळं इथून खाली न्यू ऑर्लिन्सकडे जाई. आणि माणसंसुद्धा जात. केंटकीत गुलामगिरी होती, पलीकडच्या काठावरच्या इंडियानात नव्हती. इथल्या बाजारात विकलेली माणसं बोटीत घालून दक्षिणेच्या कापसाच्या मळ्यांवर पाठवली जात. नदीच्या व्यापाराचं कौतुक करताना हा हिशेब वगळून चालत नाही.

आता व्हिस्कीकडे वळतो. घाबरू नका, रेडिओवरून पाजता येत नाही. मला सांगायचंय ते पिंपाबद्दल. बर्बन नावाच्या व्हिस्कीला अमेरिकेच्या कायद्यानं ज्या अटी घातल्यात, त्यांतल्या दोन अशा. धान्यात निदान 51 टक्के मका हवा, आणि ती ओकच्या नव्या, आतून जाळलेल्या पिंपात मुरायला हवी. नव्या, हा शब्द लक्षात ठेवा. एकदा वापरलेलं पिंप पुन्हा बर्बनला चालत नाही. म्हणजे कारखान्यात जेवढी व्हिस्की, तेवढी नवी पिंपं. कारागिराला यापेक्षा मोठा आधार कुठला? पिंपाला खिळा नाही, डिंक नाही. मधे रुंद, टोकाला निमुळत्या अशा फळ्या उभ्या करून वर्तुळात बसवायच्या, वाफेनं मऊ करायच्या, लोखंडी पट्ट्यांनी आवळायच्या. मग आत आग सोडायची. मिनिटभराच्या आतच लाकूड कोळशासारखं काळं पडतं, आणि त्याच जळलेल्या लाकडातून दारूला रंग आणि वास येतो. वापरून झालेली पिंपं स्कॉटलंडला जातात, तिथल्या व्हिस्कीसाठी. आज केंटकीत माणसं पंचेचाळीस लाख आणि मुरत पडलेली पिंपं त्यांच्या तिपटीहून जास्त आहेत.

पण इतकी पिंपं साठली की मागणी घटल्यावर काय, हा प्रश्न आलाच. लुईव्हिलच्या ब्राउन-फोरमन कंपनीचा इथला पिंपांचा कारखाना 1945 पासून चालू होता. 2025 मध्ये तो बंद झाला.

नदीनं शहराला एकदा चांगलाच दणका दिला. जानेवारी 1937 च्या पुरात निम्म्याहून अधिक शहर पाण्याखाली गेलं. त्यानंतर पूरभिंत बांधली, आणि 1950 च्या दशकातले मोठे कारखाने नदीपासून दूर, शहराच्या आतल्या बाजूला झाले. जनरल इलेक्ट्रिकनं फ्रिज आणि वॉशिंग मशीनसाठी अप्लायन्स पार्क नावाची अख्खी वसाहतच उभारली. तिला स्वतःचा पिन कोड होता, आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं तेवीस हजारांच्या आसपास माणसं कामाला होती. पुढं काम मेक्सिकोकडं आणि आशियाकडं सरकत गेलं. 2016 मध्ये हा सगळा धंदा चीनच्या हायर कंपनीनं विकत घेतला. तीच हायर, जिचे फ्रिज पुण्याजवळ रांजणगावला तयार होतात. रांजणगावच्या आपल्या पोरांचा आणि लुईव्हिलच्या कामगारांचा संबंध शेवटी एकाच कंपनीशी. फोर्डचेही दोन मोठे कारखाने याच शहरात आहेत.

पण आज शहरात सर्वांत जास्त माणसांना काम देतो तो कारखाना नव्हे, विमानतळ. यूपीएस या कुरियर कंपनीचं वर्ल्डपोर्ट 2002 साली सुरू झालं. रात्री अकराच्या सुमाराला देशभरातून विमानं एकामागून एक उतरू लागतात. पार्सलं उतरतात, पट्ट्यांवरून धावतात, वाटेत यंत्रं पत्ता वाचतात, आणि पहाटेच्या आत तीच पार्सलं दुसऱ्या विमानांत चढलेली असतात. दिवसाला सुमारे वीस लाख पार्सलं. यातलं क्वचितच एखादं लुईव्हिलमध्ये राहायला आलेलं असतं. वरून उतरव, खाली चढव. अडीचशे वर्षांपूर्वी हमाल करत होते तेच, फक्त आता पाण्याऐवजी आकाशातून!

रात्रपाळीला माणसं मिळेनात तेव्हा 1998 मध्ये राज्य सरकार, इथल्या शिक्षणसंस्था आणि कंपनी यांनी एक योजना काढली. रात्री पार्सलं हलवा, शिक्षणाची फी आम्ही भरतो. आपल्या गिरणगावात पोरं दिवसा साच्यावर आणि रात्री रात्रशाळेत जात. इथं उलटं, रात्र साच्यावर आणि दिवस वर्गात. सकाळच्या तासाला बाकावर डुलक्या घेणारे चेहरे मात्र दोन्हीकडे सारखेच असणार.

आणि नदी? ती आजही अडते. त्याच कालव्यावर आता मॅकअल्पाइन लॉक आहे, म्हणजे बोटी वर-खाली नेणाऱ्या, दोन्हीकडे दारं असलेल्या पाण्याच्या पेट्या, 1,200 फूट लांबीच्या. गोव्यातल्या श्रोत्यांना बार्ज म्हणजे काय ते सांगायला नको. मांडवीवरून खनिज नेणारी एक एक बार्ज त्यांनी पाहिलीय. इथं पंधरा बार्ज एकत्र बांधून, मागून एकच बोट ढकलत आणते. कोळसा, खडी, धान्य. एवढं लचांड लॉकमध्ये शिरतं, मागचं दार लागतं, आणि खालच्या बाजूनं पाणी सोडून पातळी हळूहळू उतरवतात. बार्जवरचे खलाशी दोर सैल करत, भिंतीला घासू न देता उभे असतात. तेवढा वेळ कुणालाच घाई करता येत नाही. वरून एक विमान उतरण्यासाठी खाली झेपावत असतं, आणि नदीवर, त्या पेटीत, पंधरा बार्ज इंच इंच खाली जात असतात.

नमस्कार.