टोपली पनीर: जिवाणूंचा वाण कोणता?

मंडळी, सुरतेहून कोणी येणार असलं की बडोद्याच्या दांडिया बाजारातली आपली माणसं घारी ही तिथली मिठाई मागवतात. मी टोपली पनीर मागवते. पारशी घरांतला हा पदार्थ. म्हशीच्या दुधाला रेनेट, म्हणजे दूध साकळवणारं विकर, लावायचं, छोट्या टोपल्यांत निथळत ठेवायचं आणि खारवलेल्या निवळीत बुडवायचं. भाजीतलं पनीर निराळं. ते उकळत्या दुधात आम्ल घालून फाडलेलं असतं, त्यातले बहुतेक जिवाणू उकळीतच मरतात. टोपलीत मात्र विरजणातले जिवाणू जगू शकतात.

मग लगेच विचारणा होते, ‘ताई, म्हणजे हे प्रोबायोटिकच की!’ मला इथे थांबवावंसं वाटतं. नुसतं जिवंत असणं पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली ठरवलेली व्याख्या सांगते की पुरेशा संख्येत पोटात गेल्यावर प्रकृतीला फायदा व्हायला हवा. तोही त्या वाणाचा दाखवावा लागतो. गहू घेताना आपण भालिया की लोकवन हे विचारतो ना? जिवाणूंचं तसंच. एकाच जातीचा एक वाण गुणी, दुसरा उपद्रवी.

एंटेरोकॉकस हे जिवाणू घ्या. भूमध्य समुद्राकाठच्या कित्येक जुन्या चीजना स्वाद येतो त्यात यांचा वाटा आहे. आणि इस्पितळात मूत्रमार्गाचा, रक्ताचा संसर्ग करणाऱ्यांतही हेच. म्हणून अशा वाणाची परीक्षा घेताना आधी रक्त मिसळलेल्या माध्यमावर तो वाढवतात. वसाहतीभोवती स्वच्छ कडं उमटलं, म्हणजे तो रक्तपेशी फोडतो. तो वाण तिथेच बाद. पित्त आणि आम्ल सोसतो का, हे नंतर.

अँटिबायोटिकची चाचणी मात्र नीट वाचावी लागते. व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक जिवाणूच्या पेशीभिंतीच्या ज्या टोकाला चिकटतं, ते टोकच अनेक लॅक्टोबॅसिलस जिवाणूंत उपजत वेगळं असतं, म्हणून ते या औषधाला दाद देत नाहीत. ही त्यांच्या गुणसूत्रातली घरची मिळकत. ती सहसा दुसऱ्याकडे जात नाही, तिची भीती नको. एंटेरोकॉकसमध्ये हीच ताकद बहुतेकदा प्लाझ्मिडवरून (गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या तुकड्यावरून), जागा बदलणाऱ्या जनुकांवरून उसनी आलेली असते. उसनं आलेलं पुढेही दिलं जातं, आणि आतड्यात शेजारी अब्जावधी! निकालाच्या कागदावर दोघांपुढे ‘प्रतिरोधक’ हा एकच शब्द येतो. तो प्रतिकार उपजत की उसना, हे जनुकं तपासल्याशिवाय कळत नाही, आणि ते तपासल्याशिवाय कोणत्याही वाणाला मी चांगला म्हणणार नाही.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांत आणि अतिदक्षता विभागातल्या रुग्णांत तर तपासलेले लॅक्टोबॅसिलससुद्धा क्वचित रक्तात उतरल्याच्या नोंदी आहेत. त्यांच्यासाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नका.

आणि सुनेला दिवस गेले असतील, तर पनीरवाल्याला विचारा की दूध पाश्चराइझ केलेलं होतं का. नक्की उत्तर आलं नाही तर ते तिच्या ताटात कच्चं वाढू नका. कच्च्या दुधातून येणारा लिस्टेरिया हा पोटातल्या बाळाला घातक जिवाणू फ्रिजच्या थंडीतही वाढत राहतो.