वाटणीच्या कागदांतली माणसे

श्रोतेहो, अब्राहम लिंकन यांच्या वडिलांच्या वाट्याला जे दारिद्र्य आले, त्यात वारसाच्या कायद्याचा हात होता. १७८६ साली केंटकीत लिंकन यांचे आजोबा मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात मारले गेले. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचा भाग होता आणि तेथे ज्येष्ठाधिकार, म्हणजे सारी जमीन थोरल्या मुलाला मिळण्याचा नियम, चालू होता. त्यामुळे जमीन थोरल्या मॉर्डेकायकडे गेली आणि धाकट्या थॉमसला, म्हणजे लिंकन यांच्या वडिलांना, मोलमजुरी करत वाढावे लागले. ज्येष्ठाधिकार मोडणारा कायदा व्हर्जिनियाने मंजूर केलेला होता, पण त्याचा अंमल १ जानेवारी १७८७ पासून सुरू झाला.

त्याच वर्षी ओहायो नदीच्या उत्तरेकडील प्रदेशासाठी केलेल्या अध्यादेशाने मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाची मालमत्ता मुलामुलींना सारखी वाटावी असे ठरवले, आणि एकोणिसाव्या शतकात ग्रामीण अमेरिकेत हाच नियम रूढ होत गेला. कायदा सारखे वाटे करू शकत होता; जमीन मात्र तशी वाटता येत नव्हती. शंभर एकरांचे सहा तुकडे केले तर कोणत्याही तुकड्यावर एक कुटुंब जगत नसे, आणि विहीर, कोठार, ओढा हे सारे एकाच तुकड्यात राहत. म्हणून पुष्कळदा एक भाऊ सारी शेती ठेवून घेई आणि बाकीच्यांचे पैसे वर्षानुवर्षे फेडत राही. तडजोड झाली नाही तर न्यायालयाने नेमलेले त्रयस्थ पंच जागेवर येऊन पाहणी करत; नुकसान न होता तुकडे पडत नाहीत असे त्यांनी कळवले की जमीन लिलावात निघे. गुरे, नांगर, खाटा, भांडी यांची यादी त्याआधीच झालेली असे, आणि त्यातून आधी देणी भागवली जात.

विधवेचा हक्क सर्वसाधारणपणे नवऱ्याच्या जमिनीच्या एक तृतीयांशावर, तोही हयातीपुरता. ती जमीन तिला कायमची विकता येत नसे किंवा मृत्युपत्राने कोणाला देता येत नसे. काही कागदांत तिच्यासाठी घरातली एखादी खोली, तळघराचा भाग आणि विहिरीपर्यंत जाण्याची वाट नेमून दिलेली आढळते. जिने तो संसार उभा केला, तिला त्याच घरात पाण्याच्या वाटेचा हक्क लिहून घ्यावा लागे, हे वाचताना मन अस्वस्थ होते. विवाहित मुलीचा वाटाही बहुधा नवऱ्याच्याच ताब्यात जाई. या स्थितीला मिसिसिपीने १८३९ मध्ये आणि न्यूयॉर्कने १८४८ मध्ये कायद्याने आळा घालायला सुरुवात केली.

दक्षिणेकडील याद्या याहून भयंकर आहेत, कारण त्यांत माणसेच मालमत्ता म्हणून नोंदलेली असत. मेरीलँडच्या टॅलबट परगण्यातील अ‍ॅरन अँथनी १८२६ साली मृत्युपत्र न करता मरण पावला, तेव्हा त्याच्या गुलामांत आठ-नऊ वर्षांचा फ्रेडरिक डग्लस होता, जो पुढे गुलामगिरीविरोधी लेखक आणि वक्ता म्हणून प्रसिद्ध झाला. किंमत ठरवण्यासाठी त्याला बाल्टिमोरहून परत आणले गेले. पुरुष व घोडे, स्त्रिया व गुरे, मुले व डुकरे यांना एकाच पंक्तीत उभे करून मोजल्याचे त्याने पुढे स्वतः लिहिले. तो अँथनीच्या मुलीच्या बाजूला गेला, त्याची आजी आणि नात्यातील आणखी काही माणसे मुलाच्या बाजूला गेली. त्यांच्यापैकी कोणालाही काही विचारले गेले नाही. वारसांचे वाटे मात्र काळजीपूर्वक सारखे केले गेले.