पिसासारखं पान दिसलं की लगेच नाव सांगू नका, आधी पेर बघा

(कॅमेऱ्यासमोर पाणी भरलेला पांढरा ट्रे. त्यात चार हिरव्या फांद्या.)

नमस्कार मंडळी. या ट्रेमध्ये चार वेगवेगळ्या पाणवनस्पती आहेत. लांबून पाहिल्या तर चौघी सख्ख्या बहिणी वाटतील, सगळ्यांची पानं तशीच बारीक, पिसासारखी. मत्स्यटाकी ठेवणारे लोकसुद्धा यांच्या नावांची सर्रास अदलाबदल करतात.

गंमत म्हणजे यांचं एकमेकींशी नातं जवळजवळ नाहीच. ही कॅबोम्बा, कुमुदिनीच्या गोतावळ्यातली. ही लिम्नोफिला, इसबगोलाच्या कुळातली. मायरिओफायलमची लांबची भावकी निघते ती पानफुटीशी. आणि सेरॅटोफायलम, म्हणजे हॉर्नवर्ट, आपल्या गणात एकटीच.

मग चौघींची पानं सारखी कशी? कारण पाणी. कार्बन डायऑक्साइड हवेत जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या साधारण दहा हजारपट हळू तो पाण्यात पसरतो. रुंद, जाड पान पाण्याखाली उपाशी राहील. तेच पान चिरून त्याचे दोरे केले, की तेवढ्याच पेशींना पाण्याचा स्पर्श कितीतरी जास्त मिळतो. वर प्रवाहात पान फाटतही नाही. ही युक्ती वेगवेगळ्या कुळांनी आपापली शोधली. म्हणून पिसासारख्या पानावरून एवढंच कळतं, की झाड पाण्याखाली राहतं. ते कोण आहे, हे त्यावरून कळत नाही.

ते कळतं पेरावर. खोडाला जिथून पानं फुटतात, ती जागा.

आधी एक काम करा. फांदी हातात धरून बघू नका, पाण्याबाहेर सगळी पानं चिकटून लगदा होतो. असा ट्रे घ्या, फांदी तरंगू द्या, भिंग लावा. आता दोनच प्रश्न विचारायचे. एका पेरावर पानं किती? आणि एक पान विभागलंय कसं?

(क्लोजअप: कॅबोम्बा)

इथे पेरावर समोरासमोर दोन पानं आहेत. प्रत्येकाला स्पष्ट देठ, आणि देठाच्या टोकाला पान फाटे फुटत फुटत पंख्यासारखं उघडलंय. दोन पानं, देठ, पंखा: ही कॅबोम्बा कॅरोलिनियाना. फुलाच्या वेळी पाण्यावर अगदी छोटी, अरुंद, अखंड पानंही तरंगतात. त्यांचा देठ पानाच्या मध्यभागी खालून जोडलेला असतो. ते दिसलं तर शंकाच नको.

आता ही लिम्नोफिला. टाकीत हिची आणि कॅबोम्बाची सगळ्यात जास्त गल्लत होते. पण इथे पेराभोवती बरीच पानं फेर धरून आहेत, आणि लिम्नोफिला सेसिलिफ्लोराच्या पानांना देठ नाही. शेंडा पाण्यावर आला, की तिथली पानं एकदम साधी, दातेरी कडांची होतात. एकाच फांदीवर दोन तऱ्हेची पानं!

हॉर्नवर्टला भिंगाचीही फारशी गरज नाही. बोट फिरवा, खरखरीत लागते. पान एकदा किंवा दोनदा दुभंगतं आणि कडेला बारीक दात असतात. मुळं शोधत बसू नका, हिला ती नसतातच.

(क्लोजअप: मायरिओफायलमचं एक पान पांढऱ्या कागदावर)

आणि ही मायरिओफायलम. खरं पीस म्हणावं तर हेच: मधोमध एक शीर, दोन्ही बाजूंना दोऱ्यांच्या जोड्या. पेराभोवती बहुधा चार पानं. इथपर्यंत सोपं. खरी डोकेदुखी पुढे आहे, कारण या प्रजातीत जाती पुष्कळ. युरेशियन मायरिओफायलम स्पायकेटम आणि उत्तरेकडची मायरिओफायलम सिबिरिकम या दोघींसाठी ढोबळ नियम असा: पानावर दोऱ्यांच्या बारापेक्षा जास्त जोड्या असतील तर पहिली, कमी असतील तर दुसरी. पण 2002 मध्ये उत्तर अमेरिकेत या दोघींचा संकर होत असल्याचं सिद्ध झालं. संकराचा आकडा नेमका मधे पडू शकतो, आणि मग डीएनए तपासणीच करावी लागते. फोटो बघून छातीठोक नाव सांगणाऱ्यांवर माझा म्हणूनच फारसा विश्वास नाही.

हा भेद इतका महत्त्वाचा का? कारण सिबिरिकम उत्तर अमेरिकेतली मूळची रहिवासी आहे, आणि स्पायकेटम युरोप, आशिया, उत्तर आफ्रिकेतून तिथे गेलेली उपद्रवी पाहुणी. नाव चुकलं, तर तळं साफ करताना घरचीच उपटली जाते.

हिचीच आणखी एक बहीण, पॅरट फेदर, दक्षिण अमेरिकेतली. हिची निळसर-राखाडी झाक असलेली पानं पाण्याबाहेर उभी राहतात. मूळ प्रदेशाबाहेर हिची जवळजवळ फक्त मादी झाडं आहेत, म्हणजे बी नाही. तरी ती खंडोखंडी पोचली, निव्वळ तुटलेल्या तुकड्यांतून. इंग्लंडने 2014 मध्ये हिच्या विक्रीवर बंदी घातली. 2016 मध्ये युरोपीय संघाच्या उपद्रवी जातींच्या पहिल्या यादीत ही आणि कॅबोम्बा दोघीही आल्या.

मूळ प्रदेशाचं बोलायचं तर कॅबोम्बा फार मजेशीर आहे. तिचं घर दोन तुकड्यांत: एक अमेरिकेच्या आग्नेय भागात, दुसरं दक्षिण ब्राझील, पॅराग्वे, उरुग्वे आणि ईशान्य अर्जेंटिनात. त्याच अमेरिकेच्या ईशान्येकडच्या तळ्यांत मात्र ती परकी आणि त्रासदायक. देशाची सीमा झाडाला कळत नाही, त्यामुळे ‘ही अमेरिकन आहे’ एवढ्याने काही सांगितल्यासारखं होत नाही. लिम्नोफिला सेसिलिफ्लोरा दक्षिण आणि आग्नेय आशियातली, वर जपानपर्यंत. आपल्याकडे साधीसुधी, पण अमेरिकेत उपद्रवी तणांच्या केंद्रीय यादीत. हॉर्नवर्टबाबत तर मूळ प्रदेश विचारण्यात फारसा अर्थ नाही, अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर ती आहे.

पानांवर बारीक फुगे दिसले, तर ही चौकडी विसरा. ती युट्रिक्युलारिया, आणि ते फुगे म्हणजे एका मिलिसेकंदाच्या आत पाण्यातले किडे ओढून घेणारे सापळे. तिच्यावर वेगळा व्हिडिओ करावा लागेल.

ओळख पटवायला कुणाला फोटो पाठवणार असाल, तर तीन काढा: पाण्यात तरंगणारी पूर्ण फांदी, एका पेराचा जवळून, आणि एक सुटं पान पांढऱ्या कागदावर, शेजारी मोजपट्टी ठेवून. फूल असेल तर चौथा. उरलेल्या फांद्या नाल्यात किंवा तळ्यात टाकू नका. कडकडीत वाळवा आणि मग कचऱ्यात टाका.