आधी लाल वायर बघा

(दृश्य: विहिरीकाठची पत्र्याची खोली. भिंतीवर स्टार्टर, त्याचं दार उघडं. बॅटरीचा उजेड.)

रात्रपाळीची थ्री फेज आलीय, पण मोटार नुसती घुमतेय, पाणी काही फेकत नाही. एखादी फेज गेली असणार. पूर्वी हे बघायला दोन वायरींचा बल्ब असायचा. आता तिथंच खिळ्याला पिवळा मल्टिमीटर लटकलेला दिसतो.

हा मीटर दोन अगदी उलटी कामं करतो. व्होल्ट मोजताना तो वीज जवळपास अडवूनच धरतो, कारण आत दहा लाख ओहमचा रोध असतो. अँपियर मोजायचे म्हटलं की तीच वीज त्याला स्वतःच्या पोटातून जाऊ द्यावी लागते. तेव्हा तो मीटर कसला, वायरचा तुकडाच.

(दृश्य: मागचं झाकण काढलेला मीटर, जवळून.)

हे बघा. हे '१० अँपियर'चं सॉकेट, हे कॉमन, म्हणजे काळ्या वायरचं. दोघांमध्ये डाग दिलेली ही वाकवलेली जाड तार. रोध साधारण एक शतांश ओहम. या वाटेत फ्यूज नाही. तसं मीटरवर छापलेलंही असतं, पण बारीक अक्षरांत, आणि ते कोण वाचतो? आत दिसणारा हा काचेचा फ्यूज मिलिअँपियरच्या सॉकेटचा.

आता समजा कुणीतरी फवारणी पंपाच्या बॅटरीचं चार्जिंग तपासलं आणि मीटरची लाल वायर दहा अँपियरच्या सॉकेटमध्येच राहिली. नंतर तोच मीटर स्टार्टरवर आला. चकती फिरवून एसी ७५० व्होल्टवर ठेवली, म्हणजे सगळं बरोबर वाटतं. पण ही जाड तार चकतीला विचारत नाही. चकती कुठंही असो, ती दोन सॉकेटांना जोडलेलीच असते. प्रोब, म्हणजे मीटरच्या वायरींची टोकं, दोन फेजना टेकले की ४१५ व्होल्टचा सरळ शॉर्ट.

१०० केव्हीएच्या डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, तोंडाशी असा शॉर्ट झाला तर प्रवाह तीन हजार अँपियरच्या घरात जातो. विहिरीपर्यंतच्या लांब लाइनमुळे तो बराच उतरतो, तरी शेकड्यांत राहू शकतो. प्रोबची टोकं वितळून भडका उडतो, आणि आपलं तोंड नेमकं तिथंच वाकलेलं असतं. अशा वेळी किटकॅटमधला, म्हणजे चिनीमातीच्या खोबणीतला, फ्यूज जायला हवा. पण तो सारखा जातो म्हणून त्यात कुणीतरी जाड तार पिळून ठेवलेली असते. मग वितळायला सगळ्यात बारीक तार उरते ती तुमच्या हातातल्या प्रोबची.

म्हणून चकतीच्याही आधी लाल वायर बघायची. काही चांगल्या मीटरमध्ये चकती व्होल्टवर असताना अँपियरच्या सॉकेटवर आपोआप पडदा येतो. नाशकात मल्टिमीटर बनवणारे कारखाने आहेत, चौकशी करायला हरकत नाही. घेताना 'कॅट-३, ६०० व्होल्ट' हा शिक्का बघा. असा मीटर सहा हजार व्होल्टच्या क्षणिक झटक्याला टिकेल असा बनवलेला असतो. अगदी स्वस्त मीटरवर हा शिक्का नुसता छापलेलाही असू शकतो. अशा मीटरच्या प्रोबची उघडी टोकं बरीच लांब असतात आणि शेजारच्या टर्मिनलला लागतात. चांगल्या प्रोबला जेमतेम चार मिलिमीटर धातू उघडा असतो.

मोटार किती अँपियर घेते हे बघायचा मोह होतोच. पाच एचपीची मोटार सात-आठ घेते, म्हणजे दहाच्या आत बसते की! पण चालू होताना तीच मोटार पाच-सहा पट खेचते. त्यासाठी क्लॅम्प मीटर आणा, तो वायर न तोडता तिच्याभोवती जबडा लावून अँपियर मोजतो. त्याच्या जबड्यात एका वेळी एकच वायर घ्यायची. तिन्ही एकदम घेतल्या तर तो शून्याजवळ आकडा दाखवतो.

रोध किंवा कंटिन्युइटी (वायर सलग आहे का) बघायची तर मेन स्विच खाली. त्यावर चर्चा नको.

(दृश्य: कोरड्या फळीवर उभा वायरमन, पायात बूट, दोन्ही प्रोब एकाच हातात.)

फेज बघताना स्टार्टर बंद ठेवून येणाऱ्या बाजूला मोजा. मोटार चालू असेल तर गेलेल्या फेजवरही तिच्या वाइंडिंगमधून व्होल्टेज परत येतं आणि मीटर ती फेज आहे असं सांगतो. तिन्ही जोड्यांत ४०० च्या आसपास आकडे यायला हवेत.

आणि मेन स्विच पाडल्यावर मीटरनं शून्य दाखवलं, तर लगेच पान्याला हात घालू नका. चकती चुकून डीसीवर असेल तर चालू फेजवरही शून्यच दिसतं. वायर आतून तुटली असेल, तरी तेच. वायरमन आधी चालू असलेल्या जागी मीटर लावून आकडा येतो का बघतो, मग बंद केलेल्या जागी, आणि पुन्हा चालू जागी. तिसऱ्यांदाही आकडा बरोबर आला की मग तो स्टार्टरचा स्क्रू सैल करतो.