आरती म्हणता येते, मग पाणी का मागता येत नाही?

अर्धांगवायूनंतर बाबांना 'पाणी' एवढा शब्दही जमत नाही, पण आरती सुरू झाली की अख्खं कडवं म्हणतात. घरच्यांना वाटतं, वाचा परत आली. तसं नसतं. आरती पाठ असते, ती आपोआप येते. पाणी मागायला शब्द शोधून जुळवावा लागतो. म्हणून नुसती भजनं लावून ठेवणं हा उपचार नव्हे.

उपचार आहे मेलोडिक इंटोनेशन थेरपी. अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म या संशोधकांनी ती १९७३ साली बोस्टनमध्ये मांडली. यात गाणं नसतं, रोजच्या गरजेचं वाक्य असतं आणि दोनच स्वर. आपल्या भाषेत सा आणि कोमल ग. गळा गोड नसला तरी चालतं.

'पाणी हवं' घ्या. पा-णी-ह-वं, चार अक्षरं. जोर 'पा'वर, म्हणून 'पा' वरच्या स्वरात, बाकी खाली. समोर बसा, त्यांचा डावा हात धरा, दर अक्षराला टेबलावर एक थाप.

(थाप देऊन दाखवा, सेकंदाला साधारण एक अक्षर)

आधी तुम्ही चाल गुणगुणा. मग दोघं मिळून म्हणा. मग एकत्र सुरू करून मध्येच तुम्ही गप्प व्हा. पुढे तुम्ही म्हणा, त्यांनी मागून म्हणायचं. शेवटी विचारा, "काय हवं?" अडलं तर एक पायरी मागे या. "नीट म्हणा ना" नको.

नेमकं इथेच बिघडतं. घरचे प्रेमापोटी शेवटपर्यंत सोबत म्हणत राहतात, आणि ती साथ सुटली की शब्दही सुटतो. वाक्य जमू लागलं की उत्तराआधी पाच-सहा सेकंद थांबायला लावा. हे थांबणं तुम्हालाच जड जाईल, पण ओठ हलवून इशारा देऊ नका. पुढे चाल हळूहळू काढून साध्या बोलण्यावर यायचं, नाहीतर वाक्य सुरातच अडकून राहतं.

ही पद्धत सगळ्यांसाठी नाही. समजतं बरंच, पण बोलताना शब्द अडतो, अशांना उपयोग होतो. भराभरा पण अर्थहीन बोलणाऱ्यांना, समोरच्याचं न कळणाऱ्यांना नाही. वाचाघात, म्हणजे मेंदूला इजा होऊन वाचा बिघडणं, कोणत्या प्रकारचा आहे, हे स्पीच थेरपिस्टकडून तपासून घ्या.

सराव केलेली वाक्यं सर्वात जास्त सुधारतात, नवी आपसूक येतीलच असं नाही. म्हणून वाक्यं त्यांच्या दिवसातून निवडा: 'चष्मा दे', 'दुखतंय', 'लघवीला जायचंय'. आणि घरात ज्याला ज्या नावाने हाक मारत होते, तेच नाव.