तुळईवरची छाप

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या उन्हाळ्यात बडोद्याच्या दांडिया बाजारातला आमच्या मामांचा वाडा उतरवला. पाडला नाही, उतरवला. लाकूड विकायचं असलं की वाडा असाच काढतात, आधी कौलं, मग वासे, सगळ्यात शेवटी तुळया. माजघरातली मोठी तुळई सहा गड्यांनी दोर लावून खाली घेतली, तेव्हा तिचं भिंतीत चिणलेलं टोक पहिल्यांदाच उजेडात आलं. त्या टोकावर जुन्या रुपयाएवढा गोल ठोकलेला होता. त्यात एक रोमन अक्षर आणि खाली आकडा. चुना खरवडला तर खूण कालच मारल्यासारखी स्वच्छ. मी वहीचं पान वर धरलं आणि लहानपणी नाण्यांवर घासायचो तशी पेन्सिल घासली. छाप कागदावर उतरली. तुळई तेवढ्यात टेम्पोत चढलीसुद्धा. जुन्या लाकडाच्या वखारीवाल्याला घनफुटाशी मतलब, अक्षराशी नाही.

जंगलातलं लाकूड बाहेर काढायचं तर त्यावर हातोडीची छाप लागते, हे मला ऐकून ठाऊक होतं. या हातोडीच्या तोंडावर अक्षरं उलटी कोरलेली असतात आणि ओंडक्यावर एक घाव घातला की ती सुलटी उमटतात. छापेशिवाय माल नाक्यावर अडतो. म्हटलं, बघू तरी, आपल्या मामांच्या तुळईला ओळखणारं कुणी सापडतं का. कागद खिशात घातला आणि दक्षिण गुजरातेतल्या डांगच्या, सागवानाच्या जंगलाच्या वाटेला लागलो.

बडोद्याहून डांगात जायचं तर मी बिलिमोऱ्याला उतरून छोटी गाडीच धरतो. मोटारीनं लवकर पोचता येतं, पण मग गंमत काय राहिली? बिलिमोरा ते वघई ही अडीच फूट रुंदीची, त्रेसष्ट किलोमीटरची लाइन गायकवाड सरकारनं १९१३ साली घातली ती डांगचं सागवान खाली आणण्यासाठी. माणसं बसली ती मागाहून. अशा चिमुकल्या गाड्यांचा नाद आपल्या बडोदे संस्थानाला जुनाच. १८६२ मध्ये मियागाव-डभोई रुळांवरून डबे ओढायला सुरुवातीला चक्क बैल जुंपले होते. वघईची गाडी करोनाच्या काळात बंद पडली होती, ती २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. उनाईच्या गरम कुंडाचं गाव मागे पडलं की शेतं विरळ होतात आणि खिडकीला सागाची पानं घासायला लागतात. कोवळं पान तळहातावर चुरडून बघा, हात मेंदी लावल्यासारखा लाल होतो.

डांगचं जंगल गायकवाडांचं नव्हे. ते तिथल्या भिल्ल राजांचं. १८४२ मध्ये इंग्रजांनी त्यांच्याकडून ते भाडेपट्ट्यानं घेतलं, कारण मुंबईच्या गोदीला सागवान हवं होतं. त्या राजांच्या वारसांना आजही होळीच्या आधी आहव्याच्या डांग दरबारात सालियाना मिळतो. ढोल वाजतात, फोटो निघतात. शेजारचे सोनगड आणि व्यारा मात्र आपल्या गायकवाडांकडे होते.

वघईला एक ऐंशीच्या घरातले कुकणा आदिवासी आजोबा भेटले. त्यांचे वडील लाकडाच्या गाड्या हाकायचे आणि हे पोरवयात बैलांपुढे चालायचे. ते कुकणा बोलत होते, मी बडोद्याची गुजरातीत घोळलेली मराठी, पण एकमेकांचं सगळं कळत होतं. डांग कुणाचं, महाराष्ट्राचं की गुजरातचं, यावर १९६० च्या आधी एवढी भांडणं का झाली, ते त्यांच्याशी दहा मिनिटं बोलून समजलं. रेडिओवर तो विषय नको.

जुन्या लाकूडतोडीचं काही उरलंय का, विचारलं. आजोबा म्हणाले, चला, दाखवतो. त्यांच्या मागोमाग तासभर चाललो. अवशेष म्हणजे गंजलेली यंत्रं दिसतील, अशी माझी शहरी समजूत. आजोबांनी आधी दाखवली ती चाकोरी. चढाच्या मुरमात हातभर खोल गेलेल्या दोन समांतर घळी, आता त्यात गवत. आपण चाकोरी हा शब्द नोकरी-संसाराला वापरून वापरून गुळगुळीत केला. खरी चाकोरी ही अशी असते, लोखंडी धावेच्या चाकांनी कोरलेली. इथल्या नद्या पावसाळ्यात खवळतात, उन्हाळ्यात खडक होतात, आणि ताजं तोडलेलं सागवान पाण्यात बुडतं. तेव्हा रेल्वे येईतो सगळा भार बैलांच्या खांद्यावर.

पुढे एक लांबट खड्डा, पाल्यापाचोळ्यानं अर्धा भरलेला. मला तो पाण्याचा वाटला. तो करवतीचा होता. खड्ड्यावर ओंडका आडवा टाकायचा, गेरूचा दोरा मारून रेघ उठवायची, मग एक करवत्या वर उभा आणि एक खाली खड्ड्यात. वरचा रेघ सांभाळतो, खालचा ओढतो. वरच्याला उजेड आणि वारा, खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा. मजुरी सारखीच का, विचारलं. आजोबा नुसते हसले.

सर्वांत मोठा अवशेष तर माझ्यासमोर होता आणि मला दिसत नव्हता. सागाची चार झाडं एका गोलात, जणू हातात हात धरून उभी, आणि मध्ये बसकी पोकळ जागा. सागाचा खुंट मरत नाही, तोडल्यावर कडेनं फुटतो. त्या पोकळीच्या जागी जुनं झाड होतं, ते कुऱ्हाडीनं गेलं, खुंट कुजून माती झाला आणि त्याची ही फूट वाढून आता पंगतीला बसली आहे. एकदा ओळखायला शिकलो आणि मग जिकडे पाहावं तिकडे असे गोल. अख्खं जंगल एकदा तुटून पुन्हा उठलेलं.

परत येऊन आजोबांच्या ओट्यावर बसलो आणि कागद काढला. त्यांनी तो लांब धरला, मग जवळ.

"ही सरकारी नाही," ते म्हणाले. "ही शेठची."

व्यापारी आपली वेगळी मालकी-छाप नोंदवून ठेवत, म्हणजे डेपोत दहा जणांचा माल पडला तरी कुणाचा कोणता ते कळे. सरकारी हातोडी ओंडक्याच्या दुसऱ्या टोकावर असणार, आणि ते टोक सुतारानं तुळई बेतताना कापून टाकलं असेल. म्हणजे झाड कुठल्या रानातलं ते गेलं, आणि पैसे कुणी मोजले तेवढं मामांच्या भिंतीत राहिलं.

मी कागदाची घडी घातली. आजोबांना मात्र वेगळंच हवं होतं.

"लांबी किती होती?"

"बावीस फूट."

"जाडी?"

मी हातांनी दाखवली. त्यांनी डोळे मिटले, बोटं मोजली.

"चार बैल लागले असतील," ते म्हणाले. "दोघांनी तो चढ निघाला नसता."